फाइल न उघडता आत डोकावायचं कसं?

आजचा विषय ऐकायला छोटा आहे. पण ज्यांच्या कॉम्प्युटरवर तीन-चारशे फायली पडल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांची नावं ‘स्कॅन ००१७’ किंवा ‘न्यू डॉक्युमेंट ४’ अशी आहेत, त्यांना तो छोटा वाटणार नाही. फाइल न उघडता तिच्यात काय आहे ते पाहायचं कसं, एवढंच आज सांगायचं आहे. व्हिडिओत मी बटणं दाबून दाखवली होती. इथे ती शब्दांत सांगतो. कॉम्प्युटर समोर असेल तर वाचता वाचता करून बघा.

आधी एक साधा प्रश्न. फाइलवर दोनदा क्लिक केलं की नेमकं काय होतं? आपण म्हणतो ‘फाइल उघडली’. खरं तर कॉम्प्युटर आधी त्या प्रकारची फाइल हाताळणारा प्रोग्रॅम शोधतो, तो पूर्ण जागा करतो, फाइल त्याच्या हवाली करतो आणि तुम्हाला तिच्यात खोडाखोड करायची मुभा देऊन मोकळा होतो. जुन्या लॅपटॉपवर वर्ड किंवा एक्सेल सुरू व्हायलाच वीस-पंचवीस सेकंद जातात. तेवढं थांबल्यावर कळतं, ही ती फाइल नव्हेच. बंद करा, दुसरी उघडा. अशा दहा फायली पाहिल्या की माणूस कंटाळून चहा प्यायला उठतो.

वेळ जातो ते एक वेळ परवडलं. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. वर्डची फाइल नुसती बघून बंद करताना पुष्कळदा प्रश्न येतो, ‘बदल सेव्ह करायचे का?’ आपण तर काहीच बदललेलं नसतं. त्या कागदात आपोआप बदलणारी तारीख असेल, किंवा आपण तो छापायला पाठवला असेल, तरीही वर्ड हे विचारू शकतं. नवखा माणूस घाबरून ‘हो’ म्हणतो, आणि २०१४ सालच्या पत्रावर आजची तारीख पडून बसते. फाइल वनड्राइव्हवर असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर हा प्रश्नसुद्धा येत नाही. नातवाचा हात लागून उमटलेलं अक्षर मुकाट्याने जतन होतं. मृत्युपत्राचा मसुदा, भाडेकरार, पेन्शनचा अर्ज, अशा कागदांच्या बाबतीत हे चालणार नाही.

म्हणजे फाइल उघडणं हे कागद कपाटातून काढून, टेबलावर पसरून, हातात लेखणी घेऊन बसण्यासारखं आहे. आपल्याला बहुतेक वेळा तेवढं नकोच असतं. कपाटाच्या काचेतून दिसलं तरी पुरतं. फौजेत याला आम्ही ‘रेकी’ म्हणायचो: पुढे जाऊन बघून यायचं, कशाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत याचं नाव प्रिव्ह्यू.

विंडोजवाल्यांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्यातले बहुतेक जण तेच वापरतात. कुठलंही फोल्डर उघडा आणि आल्ट दाबून ठेवून पी दाबा. फोल्डरच्या उजव्या बाजूला एक रिकामा कप्पा उघडेल. त्याला म्हणतात ‘प्रिव्ह्यू पेन’. हे पेन म्हणजे खिडकीचं तावदान. लिहायच्या पेनाशी किंवा पेन ड्राइव्हशी त्याचा संबंध नाही. आता एखाद्या फाइलवर एकदाच क्लिक करा. फोटो असेल तर फोटो, पीडीएफ असेल तर तिचं पान, वर्डचा कागद असेल तर मजकूर उजवीकडे दिसू लागेल. कीबोर्डवरचा खालचा बाण दाबत गेलात की एकामागून एक फायली त्या तावदानात येत राहतील. तावदान अरुंद वाटलं तर त्याची डावी कड माउसने धरून ओढा. काम झालं की पुन्हा आल्ट आणि पी, तावदान बंद. बटणं लक्षात राहत नसतील तर वरच्या पट्टीतल्या ‘व्ह्यू’मध्ये हाच पर्याय आहे, विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांत ‘व्ह्यू’च्या आत ‘शो’ आणि त्याच्या आत ‘प्रिव्ह्यू पेन’ असा तो जरा खोल ठेवलेला आहे.

आल्ट आणि पी यांच्या जोडीला शिफ्टही दाबलंत तर दुसरं तावदान येतं, ‘डिटेल्स पेन’. त्यात मुख्यतः फाइलची माहिती असते: केव्हा बदलली, आकार किती, फोटो असेल तर किती पिक्सेलचा. हे फालतू नाही. सरकारी पोर्टलवर ‘फोटो अमुक केबीपेक्षा मोठा नको’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पाच फोटोंमधला कुठला चालेल ते इथे झटकन कळतं.

फोटोंसाठी मात्र याहून सोपा उपाय आहे. फोल्डरमध्ये असताना कंट्रोल दाबून ठेवा आणि माउसचं चाक पुढे फिरवा. फायलींची चित्रं मोठी मोठी होत जातील. लग्नातल्या सहाशे फोटोंतून आजीचा एक फोटो काढायचा असेल तर तावदान वगैरे काही नको, हे चाक पुरे. चाक फिरवूनही फोटोंच्या जागी नुसती ठोकळेबाज चिन्हंच दिसत असतील तर फोल्डरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जा. तिथे ‘नेहमी चिन्हं दाखवा, लघुचित्रं नको’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीवर कुणीतरी टिक करून ठेवलेली असते, ती काढा.

कधी कधी तावदानात काहीच येत नाही, फक्त प्रिव्ह्यू उपलब्ध नाही अशी ओळ येते. याचं कारण समजून घेतलंत तर वैताग होणार नाही. विंडोजला स्वतःला सगळ्या प्रकारच्या फायली वाचता येत नाहीत. प्रत्येक प्रकारासाठी तिला एक दुभाषी लागतो. वर्डच्या फाइलचा दुभाषी ऑफिसबरोबर येतो, त्यामुळे ज्या कॉम्प्युटरवर ऑफिस नाही तिथे तावदानात वर्डचा मजकूर सहसा दिसत नाही. पीडीएफचा दुभाषी पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर येतो. दुभाषीच नसेल तर तावदान गप्प बसतं. फाइल खराब झालेली नसते.

पासवर्ड घातलेल्या पीडीएफचंही तसंच. ई-आधारची पीडीएफ घ्या: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, हा तिचा पासवर्ड. ती तावदानात कोरी दिसली तर समजा, कुलूप लागलेलं आहे.

आता मॅकवाले. तुमच्यासाठी हे सगळं एका बटणात आहे. फाइल निवडा आणि स्पेसबार दाबा. फाइल मोठ्या खिडकीत समोर येते. पुन्हा स्पेसबार, खिडकी गायब. मध्ये बाण दाबत राहिलात तर पुढच्या-मागच्या फायली त्याच खिडकीत येतात. गाणं असेल तर वाजतं, व्हिडिओ असेल तर चालतो, फोल्डर असेल तर त्यात किती वस्तू आहेत आणि त्यांचा आकार किती ते दिसतं. अनेक फायली एकदम निवडून ऑप्शन आणि स्पेसबार दाबलंत तर पूर्ण पडद्यावर एकामागून एक दिसत जातात. ॲपलने ‘क्विक लुक’ या नावाने ही सोय ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकच्या ‘लेपर्ड’ आवृत्तीत आणली. विंडोजचं तावदान आजच्या रूपात व्हिस्टाबरोबर आलं, आणि व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती पडली जानेवारी २००७ मध्ये. म्हणजे दोघांनाही ही गरज एकाच सुमाराला सुचली. आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत ती पोचलीच नाही, ही वेगळी गोष्ट. मॅकवर एकच पथ्य पाळा. २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत त्या खिडकीच्या वरच्या बाजूला फोटो फिरवण्याची आणि कागदावर खुणा करण्याची बटणं आहेत. ती वापरली की मूळ फाइल बदलू शकते. नुसतं पाहायला आला असाल तर तिकडे हात नेऊ नका.

मॅकचा स्पेसबार पाहून विंडोजवाल्यांना हेवा वाटतो, तर त्यांच्यासाठीही सोय आहे. मायक्रोसॉफ्टचाच ‘पॉवरटॉइज’ नावाचा मोफत संच आहे. त्यात २०२३ पासून ‘पीक’ नावाचं साधन आलं. फाइल निवडून कंट्रोल आणि स्पेसबार दाबायचं. ही बटणं बदलूनही घेता येतात. याशिवाय ‘क्विकलुक’ नावाचं एक मोफत ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं, त्यात थेट स्पेसबार चालतो. दोन्ही साधनं पाठीमागे सतत चालू राहतात, त्यामुळे फार जुन्या कॉम्प्युटरवर मी ती घालायला सांगत नाही. तिथे आल्ट आणि पी बरं. लिनक्सवर गनोम वापरणाऱ्यांसाठी ‘सुशी’ नावाचं पॅकेज आहे, तेही स्पेसबारवरच चालतं. नाव जपानी जेवणाचं आहे, काम चोख करतं.

हे सगळं कुणाच्या आणि कसं उपयोगी पडतं याचं एक उदाहरण सांगतो. महूला आमच्या युनिटमधल्या एका दिवंगत सुभेदारसाहेबांच्या पत्नी आल्या होत्या. बरोबर एक पेन ड्राइव्ह. सुभेदारसाहेब काटेकोर माणूस. सगळे कागद स्कॅन करून ठेवले होते. पण नावं द्यायची राहून गेली होती. चारशेच्या वर फायली, आणि जवळजवळ सगळ्या स्कॅनरने दिलेल्या आकड्यांच्या. वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओ, डिस्चार्ज बुकाची पानं, लग्नाच्या नोंदीचा पार्ट टू ऑर्डर आणि दोघांचा एकत्र फोटो हवा होता. मी विचारलं, “वहिनी, घरी लॅपटॉप आहे ना? उघडून पाहिल्या नाहीत?” त्या म्हणाल्या, “साहेब, त्यांनी ठेवलंय ते माझ्या हातून बिघडलं तर? म्हणून हातच लावला नाही.”

ही भीती अडाणीपणाची नाही. कॉम्प्युटरवर एक बटण चुकलं की कागद जातो, हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं होतं. मी आधी सगळ्या फायलींची एक प्रत लॅपटॉपवर उतरवली आणि पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात परत दिला. मूळ माल पर्समध्ये सुरक्षित आहे हे दिसल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. मग आल्ट आणि पी. खालच्या बाणावर त्यांचंच बोट ठेवलं. म्हटलं, “हे दाबत राहा. हे फक्त पाहणं आहे. यात काही लिहिलं जात नाही.” पहिल्या पाच-सहा फायलींना त्या प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहत होत्या. विसाव्या फाइलनंतर त्यांचं बोट माझ्या डोळ्यांपेक्षा जलद चाललं. कुठला कागद कशाचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. इतकी वर्षं ते कागद त्यांनीच पत्र्याच्या ट्रंकेत सांभाळले होते. एका ठिकाणी त्या थांबल्या. १९९१ सालचं घरून आलेलं एक पत्र होतं. ते वाचून झालं, मग पुढचा बाण.

लागणारे सगळे कागद दीड तासात सापडले. खरं काम त्याच्या पुढचं होतं, आणि तेच मला तुमच्याकडून हवं आहे. फाइल तावदानात ओळखू आली की तिथल्या तिथे एफ २ हे बटण दाबा आणि तिला नाव द्या. नाव देऊन झाल्यावर एंटरऐवजी टॅब दाबलंत तर विंडोज थेट पुढच्या फाइलच्या नावावर नेऊन ठेवते. मॅकवर एफ २ नाही. तिथे फाइल निवडून रिटर्न दाबलं की नाव बदलता येतं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग कागदाचा प्रकार: ‘२०१९-०४ पीपीओ’ असं. वर्ष पुढे असलं की फायली आपोआप कालक्रमाने लागतात. मराठीत नाव द्यायला काही हरकत नाही. पोर्टलवर चढवायच्या प्रतीला मात्र साधं इंग्रजी नाव द्या, मध्ये मोकळी जागा न सोडता. काही पोर्टलं याबाबत फार नखरे करतात.

या सगळ्यात एक छोटी कटकट येते. तावदानात जी फाइल दिसते आहे ती पुसायला किंवा तिचं नाव बदलायला गेलं की कधी कधी ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश येतो. तुम्ही तर ती उघडलेली नाही! पण तावदानातल्या दुभाष्याने ती धरून ठेवलेली असते. दुसऱ्या फाइलवर क्लिक करा किंवा तावदान बंद करा, आणि मग नाव बदला.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘मंडळाचं जुनं इतिवृत्त तावदानात पाहिलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का?’ नाही. ती फाइल श्रीलिपी, आकृती, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. त्या काळी देवनागरी अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये स्वतःची जागाच नव्हती. मग या फाँटवाल्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलं. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवलेला असतो, फाँट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. तुमच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. विंडोजबरोबर युनिकोडचा ‘मंगल’ फाँट विंडोज २००० पासून मिळू लागला, पण आपल्या छापखान्यांत आणि मंडळांत जुनं टायपिंग त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालू राहिलं.

इथे तावदान फार कामाला येतं. शंभर फायलींवरून बाण फिरवला की कुठल्या युनिकोडमधल्या आणि कुठल्या जुन्या फाँटमधल्या ते दहा मिनिटांत वेगळं करता येतं. जुन्यांचं एक फोल्डर करा आणि तिच्यात कुठला फाँट आहे ते शोधून त्या एका गठ्ठ्याचं रूपांतर एकदम करून घ्या. त्याच मजकुराची पीडीएफ असेल तर ती बहुतेक वेळा नीट दिसेल, कारण पीडीएफ आपला फाँट सहसा पोटात घेऊनच फिरते. कृपा करून ‘कचरा दिसतोय’ म्हणून अशा फायली पुसू नका. त्या कचऱ्यात तुमच्या संस्थेचा तीस वर्षांचा इतिहास असू शकतो.

आतापर्यंत मी तुम्हाला सांगत आलो की प्रिव्ह्यू म्हणजे नुसतं पाहणं. आपल्या स्वतःच्या फायलींबाबत ते पूर्ण खरं आहे. अनोळखी फाइलबाबत मात्र ते खरं नाही, आणि हा भाग घाईने वाचू नका.

फौजेत दुर्बीण हातात देताना पहिली सूचना असते की काचेवर ऊन पडू देऊ नका. काच चमकली की तुम्ही शत्रूला पाहण्याआधी शत्रू तुम्हाला पाहतो. प्रिव्ह्यूचं अगदी तसंच आहे. तुम्ही फाइल उघडली नाही, पण तुम्हाला दाखवण्यासाठी कॉम्प्युटरने ती आतून वाचली. आणि वाचणाऱ्याला फसवता येतं.

२०१० सालचं स्टक्सनेट आठवत असेल. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली युरेनियम समृद्ध करणारी यंत्रं बिघडवण्यासाठी बनवलेला हा विषाणू पेन ड्राइव्हवरून पसरायचा. त्याच्या एका वाटेला फाइल उघडण्याची गरजच नव्हती. फोल्डरमध्ये एक खास बनवलेला शॉर्टकट असायचा. फोल्डर पडद्यावर आलं, शॉर्टकटचं छोटं चिन्ह काढायला विंडोज गेली, की हल्ला सुरू. माणसाने फक्त यादी पाहिलेली असायची. मायक्रोसॉफ्टने ते भोक ऑगस्ट २०१० मध्ये बुजवलं. इराणनंतर सर्वाधिक लागण झालेल्या देशांत इंडोनेशियाबरोबर आपला भारत होता, म्हणून हे दूरच्या देशातलं प्रकरण समजू नका. पुढे मार्च २०२० मध्ये फाँट वाचण्याच्या व्यवस्थेत असाच दोष सापडला, तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टनेच लोकांना प्रिव्ह्यूचं आणि डिटेल्सचं तावदान बंद ठेवायला सांगितलं होतं.

अगदी ताजी गोष्ट म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींचा प्रिव्ह्यू आपण होऊन बंद ठेवते. तुमच्या तावदानात मजकुराऐवजी ‘ही फाइल कॉम्प्युटरला अपाय करू शकेल’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येऊ लागली असेल तर कारण हे आहे. काही फायली प्रिव्ह्यूच्या वेळी बाहेरच्या सर्व्हरकडे हात पसरतात, आणि त्या व्यवहारात तुमच्या लॉगिनची सांकेतिक ओळख बाहेर जाऊ शकते. दुर्बिणीची काच चमकली म्हणायची ती हीच. फाइल खरोखर विश्वासातली असेल, म्हणजे तुम्हीच बँकेच्या साइटवर जाऊन उतरवलेलं विवरणपत्र असेल, तर तिच्यावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, खाली ‘अनब्लॉक’वर टिक करा. लगेच फरक पडला नाही तर एकदा साइन आउट करून परत या. पण एकेका फाइलला विचार करूनच ही सूट द्या. शेजारच्या पोराला सांगून ही व्यवस्थाच सरसकट बंद करून घेऊ नका.

अनोळखी फाइल ओळखायची कशी? तिचं आडनाव बघा. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं असतात, पीडीएफ, डॉक्स, जेपीजी, ते तिचं आडनाव, म्हणजे एक्सटेन्शन. विंडोज ते मुळात लपवून ठेवते. मला हा निर्णय कधीच पटलेला नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू जगभर पसरला तो याच लपवाछपवीच्या जोरावर. फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसायचं, लोकांना वाटायचं प्रेमपत्राचा साधा मजकूर आहे. खरं आडनाव ‘व्हीबीएस’ त्याच्या मागे लपलेलं असायचं, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. आजच ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर टिक करा. विंडोज १० मध्ये हीच टिक ‘व्ह्यू’च्या पट्टीत समोरच सापडेल. त्यानंतर ‘बिल’ नावाच्या फाइलचं आडनाव ‘ईएक्सई’ दिसलं तर ना प्रिव्ह्यू, ना क्लिक. सरळ पुसा.

मोबाइलवर याच चालीचा दुसरा अवतार फिरतो आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, किंवा गाडीच्या चलानाची नोटीस, आणि फाइलचं आडनाव असतं ‘एपीके’. पत्रिका कधीही एपीके नसते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचं ॲप. ते बसवलं की तुमचे एसएमएस आणि ओटीपी वाचण्याची परवानगी मागतं आणि पुढे बँकेचं खातं रिकामं होतं. खऱ्या पीडीएफ पत्रिकेचं पहिलं पान व्हॉट्सॲप बहुतेक वेळा तिथेच लहानसं दाखवतं. ते दिसलं म्हणून पत्रिका खरीच असं मात्र समजू नका. आडनाव वाचल्याशिवाय बोट लावायचं नाही.

शेवटी खासगीपणाचं थोडं. तावदान चालू ठेवून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलात तर पहिली निवडलेली फाइल सभागृहाला दिसते. मग ती कॉलनीच्या सभेची विषयपत्रिका असो की तुमच्या रक्ताचा रिपोर्ट. सायबर कॅफेतही तेच. तिथल्या कॉम्प्युटरवर तर आणखी एक गोष्ट घडते. फोटोंची लघुचित्रं विंडोज स्वतःजवळ साठवून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी झटपट दाखवता यावीत. मूळ फोटो पुसला किंवा पेन ड्राइव्ह काढून घेतला तरी त्याचं लघुचित्र मागे राहू शकतं. मॅकच्या क्विक लुकबाबतही २०१८ मध्ये असंच लक्षात आलं होतं. कुलूपबंद डिस्कवरच्या फायलींची लघुचित्रं साध्या जागी साठलेली सापडली होती. आपल्या कॉम्प्युटरवर ही साठवण काढायची असेल तर विंडोजमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ उघडा, यादीत ‘थंबनेल्स’वर टिक करा, बाकीच्या टिका काढा आणि ‘ओके’ म्हणा. फोटोंना धक्का लागत नाही, लघुचित्रं तेवढी जातात आणि पुढच्या वेळी नव्याने तयार होतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तुम्हाला हे करू देतीलच असं नाही. म्हणून आधार, पॅन, पीपीओ असले कागद असलेला पेन ड्राइव्ह मी तरी तिथे लावत नाही. जो एकच कागद छापायचा आहे तेवढाच वेगळ्या पेन ड्राइव्हवर नेतो.

पुढच्या भागात स्कॅन केलेल्या कागदाच्या आतला मराठी मजकूर शोधता येईल असा कसा करायचा ते पाहू. तोपर्यंत फायलींना नावं देऊन ठेवा, पुढच्या कामाला ती लागतील. जय हिंद.